अंटार्क्टिकावरची अणुभट्टी : वीज मिळाली, पण डिझेल काही सुटलं नाही

अंटार्क्टिकावरच्या संशोधन केंद्रात लाईट कुठून येते, असा प्रश्न कधी पडलाय? तिथे ग्रिड नाही, खांब नाहीत, तारा नाहीत. प्रत्येक केंद्राला आपली वीज आपणच बनवावी लागते. आणि आज २१व्या शतकातही बहुतेक केंद्रं ती आपल्या सोसायटीच्या जनरेटरसारखीच बनवतात, म्हणजे इंधन जाळून. फरक एवढाच, की सोसायटीचा जनरेटर लाईट गेल्यावर तासभर धडधडतो आणि तिथला वर्षाचे ३६५ दिवस चालतो.

मग साहजिकच वाटतं की अशा ठिकाणी एखादी छोटी अणुभट्टी का बसवत नाहीत? एकदा इंधन भरलं की काही वर्षं बघायला नको. सध्या कंटेनरमध्ये मावणाऱ्या 'मायक्रोरिअॅक्टर'च्या बातम्या सारख्या येतात, त्यात ध्रुवीय तळांचं उदाहरण हमखास असतं. पण ही कल्पना नवीन अजिबात नाहीये. अमेरिकेने १९६२ सालीच अंटार्क्टिकावर अणुभट्टी सुरू केली होती आणि ती दहा वर्षं चालवली. तिचं पुढे काय झालं हे समजलं, की आजच्या बातम्या नीट वाचता येतात. म्हणून आज तिच्याबद्दल.

वीज गेली तर काय होतं?

आपल्याकडे लाईट गेली की पंखा बंद होतो. तिथे वीज गेली की आधी हीटर बंद होतो, मग बर्फ वितळवून पाणी बनवणं बंद होतं, मग पाईप गोठतात आणि फुटतात. म्हणजे वीज, उष्णता आणि पाणी हे तिन्ही एकाच धाग्याला बांधलेलं असतं.

हे नुसतं पुस्तकी वर्णन नाही. १२ एप्रिल १९८२ रोजी सोव्हिएत संघाच्या वस्तोक केंद्रात जनरेटरच्या इमारतीला आग लागली. एक जण गेला. उरले २० जण. बाहेर तापमान उणे ६०च्या आसपास, हिवाळा नुकताच सुरू झालेला. एवढ्या थंडीत तिथे विमान उतरू शकत नाही. त्या लोकांनी हाताने शेगड्या बनवून, एक जुना छोटा जनरेटर कसाबसा चालू करून सगळा हिवाळा काढला. फेब्रुवारी २०१२ मध्ये ब्राझीलच्या कोमांदांते फेराझ केंद्रातही आगीची सुरुवात जनरेटरच्या खोलीतूनच झाली. दोन जणांचा मृत्यू झाला आणि केंद्राचा मोठा भाग जळाला.

शिवाय हे इंधन तिथवर पोचवायलाही लागतं. जानेवारी १९८९ मध्ये अर्जेंटिनाचं 'बाइया पाराइसो' हे जहाज अमेरिकेच्या पामर केंद्राजवळ खडकावर आदळलं आणि सुमारे ६ लाख लिटर इंधन समुद्रात गेलं. पेंग्विन आणि इतर समुद्री पक्ष्यांच्या वस्त्या अगदी शेजारी होत्या. म्हणजे डिझेल ही काही 'सेफ' निवड आहे आणि अणुऊर्जा तेवढी धोक्याची, असं सोपं गणित इथे चालत नाही.

जरा आकडेमोड करू

समजा एका मध्यम आकाराच्या केंद्राला सतत २०० किलोवॅट वीज लागते. वर्षात ८,७६० तास असतात. गुणाकार केला तर साधारण १७.५ लाख युनिट होतात (आपल्या बिलावरचं युनिट म्हणजेच १ किलोवॅट-तास). एक लिटर डिझेलमधून जनरेटर अंदाजे साडेतीन युनिट काढतो. म्हणजे वर्षाला ५ लाख लिटर डिझेल. रस्त्यावर दिसणारा २० हजार लिटरचा टँकर डोळ्यांसमोर आणा, असे २५ टँकर. दरवर्षी. आणि तिथे जहाज जेमतेम उन्हाळ्याच्या काही आठवड्यांत पोचतं, म्हणजे वर्षभराचा साठा एकदमच न्यावा लागतो.

आता युरेनियम. १ ग्रॅम युरेनियम-२३५ चं पूर्ण विखंडन झालं, तर साधारण १ मेगावॅट-दिवस एवढी उष्णता मिळते, म्हणजे २४ हजार युनिट. छोट्या भट्टीत त्यातली चौथाई जरी वीज म्हणून हाती लागली, तरी ६ हजार युनिट झाले. १७.५ लाखांना ६ हजारांनी भागा. उत्तर येतं साधारण २९२ ग्रॅम.

एकीकडे २५ टँकर आणि दुसरीकडे पाव किलोपेक्षा थोडं जास्त. हा आकडा पाहिला की कुठल्याही इंजिनिअरचे डोळे चमकणारच.

फक्त एक गोष्ट लक्षात ठेवायची. २९२ ग्रॅम म्हणजे प्रत्यक्षात 'जळलेलं' युरेनियम. साखळी प्रक्रिया टिकून राहण्यासाठी भट्टीत त्याच्या कितीतरी पट इंधन ठेवावं लागतं. त्याभोवती पोलादी पात्र, पंप, पाणी, किरणोत्सर्ग अडवणारं जाड आवरण हे सगळं येतं आणि त्याचं वजन टनांत असतं. डिझेलचं ओझं दरवर्षी थोडं थोडं येतं, अणुभट्टीचं एकदम येतं. आणि हे सगळं एके दिवशी परतही न्यावं लागतं. हा 'एके दिवशी' पुढे महत्त्वाचा ठरणार आहे.

अमेरिकन लष्कराचा प्रयोग

१९५४ मध्ये अमेरिकन लष्कराने दुर्गम तळांसाठी छोट्या अणुभट्ट्या बनवायचा कार्यक्रम सुरू केला. त्यांच्या नावांची पद्धत आपल्या व्हेरिएबलच्या नावांसारखी होती. पहिलं अक्षर भट्टी कशी आहे ते सांगायचं : एस म्हणजे एका जागी कायमची, एम म्हणजे फिरती, पी म्हणजे सुटे भाग करून नेता येणारी. दुसरं अक्षर शक्ती सांगायचं : एल कमी, एम मध्यम, एच जास्त. म्हणजे 'पीएम' म्हटलं की मध्यम शक्तीची, नेता येणारी भट्टी.

यातली 'एसएल-१' आयडाहोच्या वाळवंटात होती. आर्क्टिकमधल्या रडार केंद्रांना वीज आणि उष्णता कशी देता येईल, याची ती चाचणी. ३ जानेवारी १९६१ रोजी देखभालीच्या कामात मधली नियंत्रण कांडी हाताने प्रमाणाबाहेर वर ओढली गेली. क्षणार्धात शक्ती भडकली, पाण्याची वाफ होऊन स्फोट झाला आणि तिथले तिघेही गेले. यातून एक धडा घेतला गेला : एकच कांडी बाहेर आली म्हणून आख्खी भट्टी सुरू होऊ शकेल, अशी रचनाच करायची नाही. आमच्या भाषेत सांगायचं तर एका माणसाच्या एका कमांडने प्रॉडक्शन उडता कामा नये.

दुसरी 'पीएम-२ए', ग्रीनलंडमधल्या 'कॅम्प सेंच्युरी'त. हा तळ बर्फाच्या आत बोगदे खोदून बनवला होता. १९६० मध्ये भट्टी सुरू झाली आणि १९६३ मध्ये बंद करून पुढच्या वर्षी काढून नेली. बर्फ आपल्याला दगडासारखा वाटतो, पण तो हळूहळू सरकत असतो. बोगदे आवळत चालले आणि १९६७ मध्ये तळच सोडून द्यावा लागला. भट्टी गेली, पण बाकी पसारा तिथेच राहिला. २०१६ मध्ये शास्त्रज्ञांनी अंदाज मांडला, की बर्फाखाली अजून सुमारे ९,२०० टन भंगार, २ लाख लिटर डिझेल, सांडपाणी आणि भट्टीच्या शीतकरणातलं थोडं किरणोत्सारी पाणी पडून आहे. तळ बांधणाऱ्यांनी धरलं होतं की बर्फ हे सगळं कायमचं गाडून टाकेल. हवामान तापत गेलं तर तसं होईलच याची खात्री नाही.

'न्यूकी पू'ची दहा वर्षं

आता मुख्य गोष्ट. अंटार्क्टिकावरचं सगळ्यात मोठं केंद्र म्हणजे अमेरिकेचं मॅकमर्डो. तिथे 'पीएम-३ए' ही भट्टी बसवली गेली. मार्टिन नावाच्या कंपनीने ती बनवली आणि ती चालवायला अमेरिकन नौदलाचं खास प्रशिक्षित पथक होतं. तिचे भाग हर्क्युलस विमानात मावतील अशा मापाचे होते, पण प्रत्यक्षात ती जहाजाने गेली. डिसेंबर १९६१ मध्ये भाग उतरले आणि ३ मार्च १९६२ रोजी भट्टीत पहिल्यांदा साखळी प्रक्रिया सुरू झाली. जागा होती ऑब्झर्व्हेशन हिल नावाच्या टेकडीवर, म्हणजे बर्फावर नाही, खडकावर.

काम करण्याची पद्धत तीच, जी मोठ्या अणुवीज केंद्रांत असते. विखंडनाने उष्णता, ती घेऊन फिरणारं दाबाखालचं पाणी, त्या उष्णतेवर दुसऱ्या पाण्याची वाफ, वाफेवर टर्बाइन. वीज पावणेदोन मेगावॅटच्या आसपास. पुढे भट्टीच्या वाफेवर समुद्राचं पाणी गोडं करायचा प्रकल्पही जोडला. बर्फ खणून आणा, तो वितळवा, ही कटकट कमी झाली. कागदावर सगळं मस्त होतं.

पण तिथल्या लोकांनी तिला टोपणनाव ठेवलं 'न्यूकी पू'. त्यावरूनच ती कशी चालत असेल याचा अंदाज यावा. नंतर प्रसिद्ध झालेल्या आकडेवारीनुसार तिच्यात ४३८ बिघाड नोंदले गेले आणि ती साधारण ७२ टक्के वेळच उपलब्ध होती.

७२ टक्के ऐकायला वाईट वाटत नाही. परीक्षेत फर्स्ट क्लास आला असता. पण वर्षाचा हिशोब करा. २८ टक्के बंद म्हणजे वर्षातले १०२ दिवस बंद. आम्ही सॉफ्टवेअरवाले ९९.९ टक्के अपटाइमसाठी रात्री जागतो आणि तिथे तर सर्व्हरच्या जागी माणसं आहेत. मग करायचं काय? ज्या दिवशी भट्टी बंद, त्या दिवसासाठी डिझेल जनरेटर तयार ठेवायचे. भट्टी कधी बंद पडेल हे आधी माहीत नसतं आणि जहाज तर वर्षातून एकदाच येतं. म्हणजे जनरेटर पूर्ण क्षमतेचे हवेत, टाक्या भरलेल्या हव्यात, मेकॅनिक हवेत. वर भट्टीसाठी वेगळं पथक हवंच.

खरी गोम इथे आहे. ग्रिडवर एक केंद्र बंद पडलं तर बाकीची शंभर केंद्रं भार उचलतात. तारापूरचा एखादा संच देखभालीसाठी बंद असला, म्हणून बोईसरमध्ये अंधार होत नाही. एकट्या तळावर मात्र दुसरं कोणी नसतं. तिथे अणुभट्टी डिझेलची जागा घेत नाही, डिझेलच्या शेजारी येऊन बसते. इंधन कमी जळतं हे खरं, पण सांभाळायच्या यंत्रणा दोन होतात.

बंद करायला दहा दिवस नाही, सात वर्षं लागली

१९७२ मध्ये तपासणीत दिसलं की भट्टीच्या पात्राभोवतीचं उष्णतारोधक आवरण ओलं झालंय. पाण्यातल्या क्लोराइडमुळे पोलादाला ताणाखाली बारीक तडे जाण्याची भीती असते. तडे गेले होते असं सिद्ध झालं नव्हतं, पण नक्की ठरवायचं तर भट्टी उघडून खोलवर तपासणी करावी लागली असती. त्याचा खर्च आणि भट्टीचं उरलेलं आयुष्य यांचं गणित जुळेना. ती कायमची बंद करायचं ठरलं.

डिझेल जनरेटर निकामी झाला तर भंगार म्हणून जहाजावर चढवता येतो. इथे भट्टी तर काढावी लागलीच, पण आजूबाजूच्या मातीत आणि खडकातही किरणोत्सर्ग होता. मग काय, टेकडीच खरवडायला घेतली. हजारो टन माती आणि दगड उन्हाळ्या-उन्हाळ्यात खणून, भरून, जहाजाने अमेरिकेत नेले. ही जागा निर्बंधांशिवाय वापरायला मोकळी झाली ती १९७९ मध्ये. भट्टी चालली दहा वर्षं आणि आवराआवर सात वर्षं! आज तिथे एक स्मृतिफलक आहे आणि तो अंटार्क्टिक कराराखालच्या ऐतिहासिक स्थळांच्या यादीत आहे.

कायदा काय म्हणतो?

बऱ्याच जणांना वाटतं की अंटार्क्टिकावर अणुऊर्जेला पूर्ण बंदी आहे. तसं नाहीये. १९५९ च्या अंटार्क्टिक कराराच्या पाचव्या कलमात दोन गोष्टींना बंदी आहे : अणुस्फोट आणि किरणोत्सारी कचरा तिथे टाकणं. वीज बनवणारी भट्टी यात येत नाही, म्हणून तर पीएम-३ए बसवता आली. पण १९९१ मध्ये माद्रिदला पर्यावरण संरक्षणाचा मसुदा झाला आणि तो १९९८ पासून लागू आहे. त्याप्रमाणे कुठलंही मोठं काम करायच्या आधी पर्यावरणावरच्या परिणामांचा अभ्यास करावा लागतो आणि किरणोत्सारी पदार्थ ज्याने आणले त्यानेच परत न्यायचे असतात. भारतही या करारात १९८३ पासून आहे आणि २०२२ मध्ये आपण आपला स्वतंत्र अंटार्क्टिक कायदाही केलाय.

थोडक्यात, दार बंद नाही. पण आत येताना बाहेर कसं पडणार ते आधी सांगावं लागतं.

नवीन भट्ट्यांमध्ये वेगळं काय?

१९६२ च्या यंत्रावरून आजचा निकाल लावणं चूक ठरेल. तीन गोष्टी खरंच बदलल्या आहेत.

पहिली, इंधन. 'ट्रायसो' नावाच्या प्रकारात युरेनियमचा खसखशीएवढा कण घेतात आणि त्यावर कार्बन व सिलिकॉन कार्बाइडचे थर चढवतात. प्रत्येक कण म्हणजे स्वतःची भिंत असलेला छोटा डबा. साधारण १,६०० अंश सेल्सिअसपर्यंत तो आतलं किरणोत्सारी द्रव्य धरून ठेवतो. अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या 'प्रोजेक्ट पेले' या कंटेनरमधून नेता येणाऱ्या १ ते ५ मेगावॅटच्या भट्टीत हेच इंधन आहे.

दुसरी, पंप नसणं. तुमच्या लॅपटॉपमध्ये प्रोसेसरची उष्णता पंख्यापर्यंत नेणारी चपटी तांब्याची नळी असते, तिला हीट पाइप म्हणतात. आत थोडा द्रव, एका टोकाला त्याची वाफ होते, दुसऱ्या टोकाला ती थंड होऊन परत येते. हलणारा भाग एकही नाही. हीच युक्ती द्रवरूप सोडियम वापरून भट्टीत करता येते. नासाने मार्च २०१८ मध्ये नेवाडात 'क्रस्टी' नावाची छोटी भट्टी अशाच पद्धतीने २८ तास चालवून दाखवली. पाणी नाही, म्हणजे ते गोठायची आणि गळायची चिंता नाही.

तिसरी, लहान आकाराचाच फायदा. अणुभट्टी बंद केली तरी विखंडनातून उरलेले पदार्थ उष्णता देतच राहतात. एका दिवसानंतरही ती मूळ शक्तीच्या अर्ध्या टक्क्याच्या आसपास असते. ३,००० मेगावॅट उष्णतेच्या मोठ्या भट्टीत हे होतात १५ मेगावॅट, म्हणून तिथे थंड करणारे पंप थांबून चालत नाहीत. फुकुशिमात नेमकं हेच झालं. पण १ मेगावॅटच्या भट्टीत हे फक्त ५ किलोवॅट, म्हणजे दोन-तीन गिझरएवढं. एवढी उष्णता आजूबाजूच्या हवेतही निघून जाऊ शकते.

ध्रुवीय भागात आज प्रत्यक्ष चालणारं उदाहरण रशियाचं आहे. 'अकादेमिक लोमोनोसोव्ह' या तरंगत्या केंद्रात ३५ मेगावॅटच्या दोन भट्ट्या आहेत आणि डिसेंबर २०१९ पासून ते आर्क्टिकमधल्या पेवेक गावाला वीज देतंय. संशोधन केंद्राच्या मानाने ते खूपच मोठं आहे. पण एक गोष्ट शिकण्यासारखी आहे : मोठ्या दुरुस्तीची वेळ आली की आख्खं केंद्र दोर बांधून परत ओढून नेता येतं. परतीचा रस्ता डिझाइनमध्येच आहे.

वारा आणि ऊन

मॅकमर्डोजवळच्या क्रेटर हिलवर २०१० मध्ये तीन पवनचक्क्या सुरू झाल्या. प्रत्येकी ३३० किलोवॅट, मिळून जवळपास १ मेगावॅट. त्यांनी वर्षाला सुमारे ४.६ लाख लिटर डिझेल वाचावं असा हिशोब होता. म्हणजे आपल्या वरच्या उदाहरणातल्या केंद्राचं जवळपास वर्षभराचं इंधन. बेल्जियमचं प्रिन्सेस एलिझाबेथ केंद्र तर २००९ पासून मुख्यतः वारा आणि सूर्यावर चालतं, पण ते उन्हाळी केंद्र आहे. हिवाळ्यात सूर्यच उगवत नाही, तिथे सोलर पॅनेल काय करणार? वारा हिवाळ्यातही असतो, पण तोही कधी जरा जास्तच. ऑस्ट्रेलियाच्या मॉसन केंद्रातल्या दोन पवनचक्क्यांपैकी एकीचा वरचा भाग २०१७ मध्ये खाली कोसळला.

तरीही पवनचक्की कोसळली तर नुकसान तेवढ्यावर थांबतं. टेकडी खरवडावी लागत नाही.

भारतापुरतं बोलायचं, तर आपल्या मैत्री आणि भारती या दोन्ही केंद्रांचा कारभार गोव्यातल्या वास्को इथल्या राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्रातून चालतो. २०१२ मध्ये सुरू झालेली भारती १३४ कंटेनर जोडून उभी केली आहे आणि तिथले संच इंधन जाळून वीज आणि उष्णता दोन्ही देतात. आता जुन्या झालेल्या मैत्रीच्या जागी नवीन केंद्र उभारायचं नियोजन सुरू आहे. त्यामुळे 'वीज कशावर बनवायची' हा प्रश्न आपल्यासाठीही दूरचा नाही.

पुढची बातमी वाचताना

'आता ध्रुवावर मायक्रोरिअॅक्टर' अशी हेडलाइन दिसली, की मेगावॅटचा आकडा बघून थांबू नका. हे चार प्रश्न विचारा.

१. भट्टी बंद असेल त्या दिवशी वीज कोण देणार आणि त्याचं इंधन कुठे साठवलंय?

२. हिवाळ्यात बिघाड झाला तर तो दुरुस्त करणारा माणूस तिथे हजर आहे का?

३. किती वर्षांनी इंधन बदलायचं, आणि ते तिथेच की परत नेऊन?

४. शेवटच्या दिवशी सगळं उचलून कोण नेणार, आणि त्याचे पैसे आज बाजूला ठेवलेत का?

पीएम-३ए ने वीज बनवता येते हे १९६२ मध्येच सिद्ध केलं. पहिल्या आणि दुसऱ्या प्रश्नावर ती अडखळली आणि चौथ्याचं उत्तर द्यायला सात वर्षं गेली. नवीन इंधन आणि हीट पाइप बिघाडांची संख्या नक्की कमी करू शकतील, पण चौथा प्रश्न भौतिकशास्त्राचा नाहीच, तो नियोजनाचा आणि पैशाचा आहे. ज्या प्रकल्पाच्या पहिल्याच पानावर त्याचं उत्तर असेल, तो गंभीरपणे घ्यायला हरकत नाही.